आबांच्या रिंगा

सेवा केंद्रातल्या मशीनवर माझ्या वडिलांचा, आबांचा, अंगठा उमटेना. केंद्र चालवणारा पोरगा समजूतदार होता. त्यानं काच पुसली, आबांना बाहेरच्या नळावर हात धुवून, कोरडे करून यायला सांगितलं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली, तरी मशीन काही घेईना. मी आबांच्या मागे उभी होते. त्यांनी हात पाठीशी घेतले तेव्हा ती बोटं मला अगदी जवळून दिसली. टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत, आणि सांध्यांवर खोल काळ्या भेगा. पाण्यात कालवलेलं सिमेंट कातडीला जाळतं. त्यातल्या चुन्याच्या दाहानं वरचा थर उतरतो आणि राहिलेलं वीट-दगड घासून नेतात. पंचेचाळीस वर्षं हे चाललं की बोटांवरच्या रेषा जातात. शेवटी डोळ्यांच्या मशीनवर आबांची ओळख पटली.

2023ची दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरायला आलो होतो. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला ही योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी अशा 18 कारागिरी तिच्यात आहेत आणि त्यात आबांचं गवंडीकामही आहे. ग्रामपंचायतीनं पडताळणी करायची, मग पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचं रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि ओळखपत्रासोबत प्रमाणपत्र. आबांचा जीव त्या प्रमाणपत्रात होता. विद्यावेतनाचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "माझ्या कामाचा कागद मिळंल का?" एवढंच दोनदा विचारलं.

त्यांच्याजवळ कामाचा म्हणावा असा एकच कागद होता, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड. 1996च्या कायद्यानं बांधकाम कामगारांची नोंदणी सुरू झाली. वय 18 ते 60, आणि मागच्या वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. आबांनी ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेलं असतं. पण त्यावर 'बांधकाम कामगार' एवढंच आहे. माझ्या आईच्या कार्डावरही तेच आहे. कोण काय जाणतो, कुणाच्या हातात काय आहे, हे त्या कार्डाला कळत नाही. आणि साठ पुरी झाली की नोंदणी संपते. आबांची साठी 2024च्या ऑगस्टमध्ये भरणार होती.

आबांचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. आजीनं त्यांना गोधडीसकट उचलून बाहेर आणलं आणि मागं वळून पाहिलं तर आडव्या भिंतीच्या जागी धुरळा होता. त्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली. आमच्याकडची घरं तेव्हा दगड-मातीची. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड जागोजागी असेल तर अशी भिंत एकजीव राहते. तो नसेल तर हादऱ्यानं दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा बाहेर पडतो आणि आतला माणसांवर. आजी सांगायची, "भित पोटातनं फाटली." तिला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण भिंत कुठून फाटली ते तिनं बरोबर पाहिलं होतं.

पडलेलं घर परत उभं करायला आजोबांचे मावसभाऊ आले, ते गवंडी. पुढं सातवी सुटल्यावर आबा त्यांच्याच हाताखाली लागले. चार वर्षं बिगारी. घमेलं वाहायचं, विटा भिजवायच्या, माल कालवायचा, संध्याकाळी थाप्या आणि ओळंबा धुवून पुसून पिशवीत ठेवायचा. पाचव्या वर्षी एका गोठ्याच्या मागच्या भिंतीवर पहिल्यांदा थापी हातात मिळाली, कारण ती भिंत कुणाला दिसणार नव्हती. वाकडी झाली तर काका काही न बोलता पायानं ढकलून द्यायचे. परत रचायची. आबांचा हात असा तयार झाला, आणि तो खरंच चांगला तयार झाला. काटकोन काढायचा तर दोरीवर तीन, चार, पाच हात मोजून. दोन टोकांची पातळी बघायची तर पाण्याच्या नळीनं, आणि नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळं खोटं पडतं, म्हणून आधी नळी बोटानं टिचक्या मारत मोकळी करायची. नऊ इंची भिंतीत सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. हे सगळं त्यांना येतं आणि डोळे मिटून येतं.

पण 'का' म्हणून विचारायची सोय नव्हती. काका रागीट होते असं नाही. त्यांनाही त्यांच्या गुरूनं कारण सांगितलेलं नव्हतं. असं करतात, एवढंच शिक्षण. दगड-विटांच्या कामात ते पुष्कळसं खपून जातं. वाकडी भिंत डोळ्याला दिसते, ओळंबा लगेच सांगतो. पुढं आरसीसी, म्हणजे आत सळ्या घातलेलं काँक्रीट, आलं. कॉलम, बीम, स्लॅब खेडोपाडी आले. आता ज्यावर घर उभं आहे ते काँक्रीटच्या पोटात गेलं. आत काय चुकलं ते बाहेरून दिसत नाही, आणि जे डोळ्याला दिसत नाही ते बघून शिकताही येत नाही. माझ्या मते आमच्याकडच्या गवंडीकामात खरी दरी इथं पडली.

आपल्याकडे बांधकामाच्या कारागिरीचं शिक्षण नाहीच, असं मुळीच नाही. देशात आयटीआयची योजना 1950पासून आहे. तिथं 'मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)' म्हणून एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्लंबर, सुतार, वायरमन आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961चा आहे, आणि 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण आमच्या गावातून आयटीआयला गेलेली पोरं मी ओळखते. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक. गवंडी शिकायला एकही गेला नाही. आई-बाप म्हणतात, घमेलंच उचलायचं तर त्याला शाळा कशाला? आणि शिकाऊ उमेदवाराचा कायदा आबांच्या साइटपर्यंत कसा पोचावा? तिथं एक गवंडी, दोन बिगारी आणि पाणी मारायला घरमालकाची म्हातारी. राज्यातली बहुतेक लहान घरं अशाच चार माणसांच्या टोळ्या बांधतात. त्यांच्यातला शिकाऊ पोरगा कुठल्याच रजिस्टरवर नसतो.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. 2001 ते 2004. फी आबांच्या उक्त्या कामांतून गेली, हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या वर्षाला भूकंपरोधक बांधकामाचा भाग होता. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती जी चौकोनी कडी घालतात, जिला साइटवर सगळे रिंग म्हणतात, तिची दोन्ही टोकं 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसली पाहिजेत, हे मी आकृतीसकट पाठ केलं. परीक्षेत आलं, लिहिलं, मार्क मिळाले. त्याच वर्षी सुट्टीत मी आबांबरोबर साइटवर जात होते. ते फळीवर रिंगा वाकवत बसायचे, टोकं काटकोनात, 90 अंशांत, जशी सगळेच वाकवतात. मी शेजारी बसून रिंगा मोजून दहा-दहाच्या जुड्या बांधायची. शेकडो रिंगा माझ्या हातातून गेल्या. माझ्या वहीतली रिंग आणि आबांच्या फळीवरची रिंग एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदाही आलं नाही.

मी रयतच्या शाळेत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्यात, कराडजवळ, ही संस्था काढली, आणि हाताचं काम आणि पुस्तक एका मुलाच्या अंगात एकत्र यावं यासाठी 'कमवा आणि शिका' उभं केलं. आम्ही शाळेत वाफे खणले, मैदानाचे दगड वेचले. त्याच जिल्ह्यात, त्याच शाळेत शिकलेली मी. आणि आमच्या एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या दोन माणसांत पुस्तक इकडे राहिलं आणि हात तिकडे. याचा मला आजही त्रास होतो.

प्रशिक्षणाचा निरोप आला तो 2024च्या जुलैत. पाटणकडे त्या दिवसांत पाऊस असा लागतो की गवंडीकाम बंदच असतं, त्यामुळे हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडायचा प्रश्न नव्हता. पाच दिवस, सकाळी दहा ते सहा. आबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "पोरगं शिकवतंय. माझ्या निम्म्या वयाचं हाय. पर नीट बोलतंय." दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या पाण्याचं झालं. 50 किलोच्या एका गोणीला साधारण 25 लिटरच्या आसपास पाणी, जास्त घातलं तर माल पसरायला सोपा पण नंतर त्या जादा पाण्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद जाते. बिगाऱ्यानं सरसर ओतता यावं म्हणून बादलीभर जास्त पाणी मारायची पद्धत सगळीकडे आहे. आबा हे घरी सांगत होते तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी कवाधरनं सांगत आले, माल ढिला करू नगा म्हणून."

आईवर थोडं थांबते. तिनं आबांच्या हाताखाली सत्तावीस वर्षं माल कालवला. फावडं मालातून ओढताना जो आवाज येतो त्यावरून तिला पाणी किती झालं ते समजतं. कोरड्या मालाला फावडं खरखरतं, जास्त पाण्याच्या मालात चपचप वाजतं, आणि बरोबर मालातून ते ओढलं की मागे चर राहतो आणि कडा ढासळत नाहीत. वाळू भिजलेली असेल तर ती फुगते आणि पाटीत भरताना कमी बसते, हे तिला ठाऊक होतं, म्हणून पावसानंतरच्या वाळूची ती दर चार पाट्यांमागं थोडी वाढीव घालायची. हे पुस्तकात आहे. तिनं ते वाळूत शिकलं. तिच्या हातात कधी कुणी थापी दिली नाही, आणि तिनंही मागितली नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या शौचालयांच्या वेळी बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना तिथं 'रानी मिस्त्री' म्हणतात. मी हे आईला मोबाइलवर दाखवलं. ती बराच वेळ त्या बायकांचे हात बघत होती. मग म्हणाली, "थापी जरा वर धरलीय हिनं." आमच्या साइटवर एवढ्या बायका घमेली वाहतात, वीस-वीस वर्षं मालाजवळ असतात. त्यांच्यासाठी गवंडीकामाच्या प्रशिक्षणाच्या तुकड्या पहिल्यांदा काढायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी रिंगांचं झालं.

त्या दिवशी आबा घरी आले ते न बोलता. चहा घेतला, पडवीत गेले, अडगळीतून आठ एमएमच्या दोन रिंगा काढल्या. एकीची टोकं काटकोनातच होती. दुसरीची त्यांनी पाइपात घालून जोर लावून आत वळवली. मग खराट्याच्या जाड काड्या घेतल्या, दोन्ही रिंगांच्या चारी कोपऱ्यांत उभ्या घातल्या आणि सुतळीनं धरवल्या. मला हाक मारली. "बस हितं."

त्यांनी मला समजावलं. मलाच. भूकंपात कॉलम मागं-पुढं हलतो तेव्हा पहिल्यांदा वरचं काँक्रीट, सळ्यांवरचं कव्हर, खपल्या सुटून पडतं. ते पडलं की काटकोनात वळवलेलं टोक उघडं पडतं, कारण ते त्या कव्हरमध्येच होतं. त्याला धरणारं काही उरत नाही. आतलं काँक्रीट फुगायला बघतं, रिंग उसवते, उभ्या सळ्या बाहेर वाकतात आणि कॉलम बसतो. आबांनी पहिल्या रिंगेचं टोक दोन बोटांनी ढकललं, ते उघडलं आणि काड्या फाकल्या. दुसरीचं टोक ढकलायला त्यांना जागाच सापडेना, ते आत काड्यांच्या मध्ये होतं. वरचं सगळं पडलं तरी ते आतल्या काँक्रीटमध्ये रुतून राहणार. टोकाची लांबी वळणापुढे किमान 65 मिलिमीटर असावी लागते, नाहीतर तेही निसटतं. हे सगळं आयएस 13920 या भारतीय मानकात आहे आणि ते मानक पहिल्यांदा 1993 साली आलं.

"1993," आबा म्हणाले. सरांनी त्यांना साल सांगितलं होतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. आरसीसीची कामं ते 1990च्या सुमारास करायला लागले. "तवापासनं हे लिहिल्यालं हाय. मला कुणी सांगितलंच न्हाय गं."

मी म्हटलं, "आबा, मला ठाऊक होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाले, "तुला वाटलं आसंल मला ठावं हाय." मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

रात्री उशिरापर्यंत ते जागे होते. त्यांनी बांधलेली घरं मोजत होते. गावातली, मल्हारपेठची, उंब्रजची, दोन सातारला गोडोलीत. आई म्हणाली, झोपा आता. ते म्हणाले, "ह्या भागात जिमीन हालती. आपल्याच भागात हालती." कोयनेच्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात, भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, आम्हाला सवय आहे. त्या रात्रीपासून आबांना ती सवय राहिली नाही.

मी साताऱ्यात एका लहान बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर आहे, म्हणून साइटची बाजूही मला सांगितली पाहिजे. सळ्या बांधणारा फिटर पैसे घेतो किलोवर किंवा टनावर. 135 अंशांच्या रिंगा वाकवायला वेळ जास्त लागतो, आणि उभ्या केलेल्या सळ्यांवर त्या चढवताना अडकतात. म्हणून शहाणे फिटर एक टोक आधी वळवतात आणि दुसरं जागेवर बसवून बंद करतात. वजन तेवढंच, कष्ट दीडपट. मग तो कशाला करेल, जर कुणी कारण सांगितलं नाही आणि दरही वाढवला नाही? कॉलमला 40 मिलिमीटर कव्हर सुटावं म्हणून कव्हर ब्लॉक लावायचे असतात, तिथं विटेचा तुकडा लावतात. हल्ली बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं, त्याला किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं. पण लोकांच्या तोंडात अजून सात दिवस आहेत आणि प्रत्यक्षात चौथ्या दिवशी पाइप गुंडाळला जातो. यातलं काहीही बदमाशीनं होत नाही. करणाऱ्याला कारण ठाऊक नसतं, एवढंच.

घराला विजेचं मीटर घ्यायचं तर परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. वायरिंग करणाऱ्याकडे परवाना हवा, हे आपण मान्य केलं आहे, कारण शॉक लागून माणूस मरतो ते समोर दिसतं. ज्या कॉलमवर अख्खं घर आणि आतली माणसं उभी असतात तो कुणीही भरावा, त्याला काही लागत नाही. म्हणून गवंड्यालाही परवाना सक्तीचा करा, असं माझे काही इंजिनिअर मित्र म्हणतात. मला ते आज तरी पटत नाही. आधी शिकवायचं आणि मग मागायचं. शिकवण्याआधी कागद मागितला तर पहिल्यांदा आबांसारखी माणसं बाहेर पडतील, आणि कागद विकत देणारी दुकानं निघतील. नाक्यावर सकाळी उभ्या असलेल्या गवंड्याला प्रमाणपत्र आहे का असं कुणी विचारत नाही, हजेरी किती घेणार ते विचारतात. प्रमाणपत्राला किंमत यायची तर सरकारी कामांच्या निविदेत आणि घरकुलाच्या हप्त्यात त्याची विचारणा व्हायला हवी, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्या हजेरीत चार पैसे जास्त दिसायला हवेत.

मला आवडलेलं प्रशिक्षण मी एकदा शेजारच्या गावात पाहिलं. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)मध्ये गवंड्यांसाठी 45 दिवसांचं प्रशिक्षण असतं आणि ते खऱ्या घरावर होतं. लाभार्थ्याचं घरकुल, किमान 25 चौरस मीटरचं, शिकणारी पोरं शिकत-शिकत बांधतात. पाया, जोतं, भिंती, लिंटेल, छत, गिलावा, सगळं एका घरात. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. त्या साइटवर मी तासभर उभी राहिले. एक बिगारी म्हणून आलेला पोरगा कोपरा रचत होता. शिकवणारे म्हातारे गवंडी चार विटांनंतर त्याला थांबवायचे आणि विचारायचे, "आता ही वीट अर्धी का तोडली?" पोरगा सांगायचा, सांध्यावर सांधा येईल म्हणून. "आला तर काय हुईल?" पोरगा गप्प. मग ते समजावून सांगायचे, वरचं वजन एकाच रेषेत खाली उतरतं, भेग गेली तर सरळ पायापर्यंत जाते. शेजारी ज्यांचं घर होतं त्या बाई पदर डोक्यावर घेऊन सगळं ऐकत होत्या. त्यांच्या घरात काय चाललंय ते त्यांनाही समजत होतं. पाच दिवसांत हे होत नाही. पाच दिवस आबांसारख्या तयार हाताला पुरतात, कारण त्याला फक्त कारण हवं असतं. नवख्याला 45 दिवससुद्धा कमीच आहेत.

प्रमाणपत्र आलं. आबांनी ते फ्रेम करून आणलं. देव्हाऱ्याजवळ लावलं, त्या कार्डाच्या वर. महिन्याभरात साठी भरली आणि खालच्या कार्डाची मुदत संपली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात उंब्रजच्या बाजूचे एक घरमालक आले. 2006 साली आबांनी त्यांचं तळमजल्याचं घर बांधलं होतं. मुलाचं लग्न ठरलंय, वर मजला चढवायचाय, स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या तेव्हाच ठेवलेल्या आहेत, काम तुम्हीच करायचं. चांगलं उक्तं काम होतं, चार-पाच महिन्यांचं. मी घरीच होते. आबांनी त्यांना चहा दिला, आणि म्हणाले, "पाव्हणं, मी करत न्हाय. आन् दुसऱ्या कुणाला बी आत्ता देऊ नगा. आदी इंजिनिअरला दावा."

मालक हसले. "अवो आबा, तुमच्याच हातचं घर हाय. दगडावाणी हाय."

"माझ्याच हातचं हाय म्हणून सांगतोय. आतल्या रिंगा मी वाकवल्यात. त्या कशा हायत त्ये मला म्हाईत हाय. तवा मला म्हाईत नव्हतं, आता झालंय."

पडवीत कुणी काही बोललं नाही. मालकांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की भीती, मला सांगता येणार नाही. ज्या माणसावर विश्वास टाकून अठरा वर्षं त्या घरात झोपलो तो समोर बसून हे सांगतोय. आबांनी मान खाली घातली नव्हती. हात मांडीवर होते, ती गुळगुळीत टोकांची बोटं एकमेकांत गुंतवलेली. पुढं मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घेऊन ते घर दाखवलं. पाया ठीक निघाला. वर मजला घ्यायचा तर खालच्या कॉलमभोवती नव्या सळ्या आणि नव्या काँक्रीटचं कवच चढवावं लागेल, असं त्यांनी लिहून दिलं. खर्च वाढतो. मालकांनी अजून ठरवलेलं नाही. लग्न मात्र त्याच घरात झालं, आणि त्यांनी आबांना पत्रिका पाठवली होती.

आबा आता स्वतः कामं घेत नाहीत. चुलतभावाच्या साइटवर जाऊन बसतात. जाताना रिंगा वाकवायची फळी बरोबर नेतात. सागाची, हातभर रुंद, जुनीच. तिच्यावर पूर्वी मापाचे आणि वाकवायचे खिळे होते, आणि लोखंडी दांडा काटकोनात आला की हात आपसूक थांबायचा. तीस-पस्तीस वर्षांची सवय अशी थांबवता येत नाही, हे आबांना पहिल्याच दिवशी समजलं. समजूनही हात 90लाच थांबत होता. म्हणून त्यांनी माझ्या लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला, फळीवर 135ची रेघ मारली आणि रेघेच्या टोकाला एक जाड खिळा ठोकला. दांडा त्या खिळ्याला टेकेपर्यंत फिरवायचा. पहिल्या खेपेला टोक कमी वळलं, कारण वाकवलेला गज दांडा सोडला की थोडा माघारी येतो. खिळा उपटून अर्धा इंच पुढं ठोकला. तरी कमी. तिसऱ्या वेळी बसला. पहिली दोन भोकं अजून फळीवर आहेत.

त्या साइटवरचा फिटर परवा त्या फळीचं माप घेऊन गेल्याचं आबा सांगत होते. मी गेले तेव्हा जतकडून आलेला एक नवा पोरगा फळीवर बसला होता, सोळा-सतरा वर्षांचा वाटला म्हणून मी आधी त्याचं वय विचारलं. एकोणीस. पाच-सहा रिंगा भराभर वाकवून तो थांबला आणि त्या जाड खिळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "आबा, ह्यो खिळा कशापायी?"

आबांनी त्याच्या हातातला दांडा काढून बाजूला ठेवला, खराट्याच्या काड्या घ्यायला सांगितल्या, आणि त्याच्या समोर मांडी घालून बसले.